बेलाचें पान आणि डब्यांतील भुकटी



श्रावणी सोमवारीं बेलाचें त्रिदल शंकराला वाहिल्यावांचून आपल्याकडे कोणाचें समाधान होत नाहीं. वर्धा जिल्ह्यांतील वडनेर घ्या कीं दुसरें कोणतेंहि गांव घ्या, बेलाविषयीं कोणाच्या मनांत किंतु नाहीं. बेलफळ आमांशावर देतात. मूळ दशमुळांत पडतें. अशा या झाडांतील एका द्रव्याचें नांव पुढें येऊन साता समुद्रांपलीकडे बाजारांतील माल परत घ्यावा लागला, हें सांगितलें तर खरें वाटणार नाहीं. आज तीच हकीकत सांगावयाची आहे.

बेलाच्या पानांत ‘एजेलिन’ नांवाचें द्रव्य असतें. अमेरिकेंतील यूएसपीलॅब्स या कंपनीनें तें कृत्रिम रीतीनें बनविलेलें घेऊन, वजन उतरविण्यासाठीं विकल्या जाणाऱ्या ‘ऑक्सिएलिट प्रो’ या पूरक आहारांत घातलें. सप्टेंबर २०१३ मध्यें हवाई बेटांतील डॉक्टरांच्या ध्यानांत आलें कीं, धडधाकट माणसें यकृताच्या विकारानें रुग्णालयांत येत आहेत आणि त्यांतील पुष्कळांनीं हाच पदार्थ घेतलेला आहे. कांहींना दुसऱ्याचें यकृत बसवावें लागलें; मृत्यूहि झाला. नोव्हेंबरांत तेथील अन्न-औषध खात्यानें पत्र लिहून कंपनीस माल परत घेणें भाग पाडलें.

येथें एक गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. यकृत बिघडलें तें याच द्रव्यानें, हें निर्विवाद सिद्ध झालें नव्हतें. खात्याचा आक्षेप असा कीं, १९९४ च्या कायद्याप्रमाणें नवा घटक विक्रीस आणण्याच्या ७५ दिवस आधीं तो निर्धोक असल्याचा आधार सादर करावयास हवा होता, आणि तो सादर झालेला नव्हता. म्हणजे पुराव्याचा भार खाणाऱ्यावर न टाकतां विकणाऱ्यावर टाकला गेला. पान पिढ्यान् पिढ्या पूजिलें गेलें, एवढ्यावरून त्यांतील एकच अंश प्रयोगशाळेंत घडवून रोज पोटांत घालणें निर्धोक ठरत नाहीं.

आपल्याकडे हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढें निराळ्या रूपानें आला. मे २०१३ मध्यें केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानें सूचनापत्र काढून अशा मालास पूर्वमंजुरी आवश्यक ठरविली. व्हायटल न्यूट्रास्युटिकल्स व इतरांनीं त्यास हरकत घेतली. ३० जून २०१४ रोजीं न्यायालयानें सांगितलें कीं, अशा सूचनापत्रास कायद्याचें बळ नाहीं. १९ ऑगस्ट २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हा निर्णय कायम केला. कित्येकांस वाटलें, पहारा उठला. मला तसें वाटत नाहीं. पहारा लिहिलेल्या नियमानें बसतो, खात्याच्या मर्जीनें बसत नाहीं. डिसेंबर २०१६ मध्यें रीतसर विनियम प्रसिद्ध झाले, चालणाऱ्या घटकांच्या याद्या त्यांना जोडल्या गेल्या, आणि १ जानेवारी २०१८ पासून ते अमलांत आले. माल परत घेण्याच्या पद्धतीचेहि नियम २०१७ सालीं झाले.

तरीपण शहरांतील दुकानांतून डबा मागें घेतां येतो. वडनेरच्या फडताळांतला डबा कोण मागें घेणार? व्यायामशाळेंत जाणाऱ्या मुलानें मित्राकरवीं मागविलेल्या डब्याची पावती नसते आणि कंपनीच्या वहींत त्या घराचें नांव नसतें. म्हणून पावती जपावी. घटकांची यादी वाचावी. न समजल्यास डॉक्टरांस दाखवावी. चौदा आंकडी परवाना क्रमांक पाहावा, परंतु तो व्यवसायाचा परवाना आहे, आंतील प्रत्येक कणाची हमी तो देत नाहीं, हें विसरूं नये. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर भुकटी तत्काळ बंद करून डब्यासह रुग्णालय गांठावें.

बेलाचें पान वाहतांना तें किडकें तर नाहीं, फाटकें तर नाहीं, हें आपण उलटून पाहतों. देवासाठीं जी दक्षता घेतों तीच घरच्या मुलासाठीं घ्यावी, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.