लेसर, अणू आणि कुलाब्याची ट्राम



पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे वगैरे आपण शाळेतच उरकलंय, तिथे थांबत नाही; त्याचं क्षेत्र मोजायचं कसं, ते सांगतो.

सुपारीएवढी बंद काचेची कुपी. आत रुबिडियमचा कण. हा धातू 39 अंशांनाच वितळतो. आणखी ऊब दिली की कुपीत वाफ भरते. तिच्यातून 795 नॅनोमीटरचा, वर्तुळाकार ध्रुवित लेसर सोडला की अणूंच्या फिरकीचे अक्ष एका दिशेला वळतात. याच 'ऑप्टिकल पंपिंग'च्या वाटेनं गेलेल्या आल्फ्रेड कास्लर यांना 1966चं नोबेल मिळालं. मग बाहेरचं चुंबकीय क्षेत्र त्या अक्षांना भोवऱ्यासारखं डोलवतं. रुबिडियम-87 असेल तर एका नॅनोटेस्लाला सेकंदाला 7 फेरे; आपल्याकडे पृथ्वीच्या क्षेत्रात तीन लाखांच्या आसपास. पलीकडे पडणारा प्रकाश तितक्याच वेळा लुकलुकतो. लुकलुक मोजा, क्षेत्र मिळालं. (हशा)

पण माझं म्हणणं ऐका. उपकरण दुय्यम. आधी जागा निवांत हवी!

कुलाब्याच्या वेधशाळेत 1841पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. सप्टेंबर 1859च्या सौरवादळात तिथलं आडवं क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरलं. ती नोंद अभ्यासक आजही काढून बसतात. आणि मग ठरलं, मुंबईत विजेची ट्राम आणायची. ट्रामचा प्रवाह परत जातो रुळांतून, थोडा जमिनीतूनही. म्हणजे चुंबकसुईच्या दारात रोज वरात. संचालक होते नानाभाई मूस. त्यांनी ट्रामशी भांडण मांडलं नाही, अलिबाग गाठलं. पोरबंदरी दगड आणला, बांधकामात लोखंड टाळलं आणि 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, मालिकेचा सांधा जुळावा म्हणून. ट्राम धावली 1907 साली! तेव्हा इथून पुढे कुणाला 'अलिबागहून आलास का' म्हणताना जरा जपून. (हशा, टाळ्या)

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे. एकच शब्द: 'लेसर?' (हशा) अहो, लेसरवरच आहे मी. सांगतो ना.

प्रिन्स्टन विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ रोमालिस यांच्या गटानं वाफ खूप तापवून दाट केली आणि क्षेत्र जवळजवळ शून्यावर आणलं. एरवी अणूंच्या टकरींनी फिरकीचा मेळ बिघडतो. इथे टकरी इतक्या झपाट्यानं होतात की तो टिकतो. माप पोचलं फेम्टोटेस्लांपर्यंत. मेंदूचं क्षेत्र शंभरेक फेम्टोटेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राचा चाळीस-पन्नास कोटींवा हिस्सा. ते मोजणाऱ्या जुन्या यंत्राला उणे 269 अंशांचं द्रव हेलियम लागायचं आणि माणसाला मान हलवायची सोय नव्हती. 2018मध्ये नॉटिंगहॅमच्या मंडळींनी याच कुप्यांचं शिरस्त्राण केलं; ते घालून माणूस पेय प्यायला, चेंडू खेळला. आता विचारा, कुठे? चुंबकीय कवच असलेल्या खोलीत, उरलंसुरलं क्षेत्र वेटोळ्यांनी मारून. म्हणजे पुन्हा अलिबागच की!

घंटा झाली. हृदयाच्या क्षेत्राचं राहिलंच. रुबिडियमची कुपी पिशवीत आहे, बघायची त्यांनी पुढे यावं. हाताळू मात्र नका. फुटली तर रुबिडियम हवेत पेट घेतो आणि सभागृह नगरपालिकेचं आहे. (हशा)