अंगणातल्या फरशीवर पांढरं का येतं? अ‍ॅसिडची बाटली उघडायच्या आधी ऐका

(या भागाचं शब्दांकन)

आज सातारा-सांगलीकडच्या घरोघरी दिसणारी एक गोष्ट घेऊया. अंगणात नवे पेव्हिंग ब्लॉक बसवले. पावसाळा गेला, ऊन पडलं आणि बघता बघता सगळीकडे पीठ सांडल्यासारखं पांढरं. धुतलं की गायब, वाळलं की परत हजर! मग कुणीतरी सांगतंच, "अ‍ॅसिड मार, मिनिटात जातंय." तर त्याआधी हा भाग ऐका.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, लोणा. जुन्या भिंतीला लागतो ना, तोच. पाणी ब्लॉकमध्ये किंवा दगडात मुरतं, आतले क्षार विरघळवतं आणि उन्हाने ओढलं जाऊन वर येतं. पाणी उडून जातं, क्षार मात्र उडत नाहीत. ते तिथेच बसतात. एवढीच गोष्ट.

हे मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल तर वाळवा, मिरजकडच्या क्षारपड रानात जा. काळी जमीन, उसाला भरपूर पाणी आणि निचरा कमी. म्हणून रानावर पांढरा थर येतो. तिथे शेतकरी मीठ खरवडत बसत नाही. जमिनीखाली छिद्रांचे पाइप टाकून पाण्याला वाट करून देतो. अंगणाचं गणितही तेच आहे. डाग वर दिसतो, पण दुखणं पाण्याचं असतं.

आधी ओळखा, मग घासा

पांढरं सगळं एकच नसतं.

एक, पिठासारखं, बोटाला लागणारं. हे विरघळणारे क्षार. सोपं काम.

दोन, घट्ट धरलेला, नखाने न निघणारा थर. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. बोअरचं जड पाणी रोज एकाच जागी सांडत असेल तरी असाच थर बसतो, बादलीच्या कडेला बसतो तसा. हा नुसत्या पाण्याने निघत नाही.

तीन, काळ्या दगडातले पांढरे ठिपके. हे डागच नाहीत! आपला काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, कॅल्साइट अशी खनिजं भरली. ती दगडाचाच भाग आहेत. घासून हात दुखतील, ठिपके जाणार नाहीत.

आता काय करायचं?

पिठासारखा लोणा असेल तर चार दिवस कोरडं ऊन बघा आणि कोरड्या खराट्याने किंवा नायलॉनच्या कडक ब्रशने झाडा. निघालेली पावडर सुपलीत भरून बाहेर टाका. पाणी ओतू नका. पाण्याने क्षार विरघळतात आणि परत सांध्यांतून आत जातात. म्हणूनच धुतलेलं अंगण दोन दिवसांत पुन्हा पांढरं होतं. तारेचा ब्रशही नको. त्याचे लोखंडी कण अडकतात आणि वर गंजाचे डाग येतात.

नवे ब्लॉक असतील तर धीर धरा. आतला मोकळा चुना संपत जातो, तसं पांढरं येणं बरेचदा काही महिन्यांत आपोआप कमी होतं.

मग पाण्याचा माग काढा. पत्र्याचं पन्हाळीचं पाणी कुठे पडतं? टाकी कुठे वाहते? आरओचं वाया जाणारं पाणी अंगणात सोडलंय का? त्या पाण्यात तर क्षार आणखी दाट झालेले असतात. उतार बघा. दहा फुटांना साधारण दोन इंच उतार असला की पाणी थांबत नाही. नवं काम करताय? मग खाली खडीचा थर घ्या. खडीतल्या मोठ्या फटींतून ओल वर चढत नाही, मातीतून चढते.

आणि ओल्या फरशीवर चकचकीत सीलर मारू नका. क्षार आतच अडकतात, तिथेच त्यांचे खडे होतात आणि फरशीचे पापुद्रे सुटतात.

आता अ‍ॅसिडचं

शहाबादी आणि कोटा फरशी म्हणजे चुनखडक. अ‍ॅसिड पडलं की फसफसतं, ते डाग जातोय म्हणून नाही, फरशी विरघळतेय म्हणून. व्हिनेगरनेही पॉलिश जाते. सिमेंटच्या ब्लॉकवर घट्ट थर असेलच, तर पातळ केलेलं व्हिनेगर आधी एका कोपऱ्यात लावून बघा. ब्लॉक आधी ओला करा, म्हणजे आम्ल आत मुरत नाही. नंतर भरपूर पाण्याने धुवा आणि ते पाणी तुळशीकडे किंवा आडाकडे जाऊ देऊ नका.

आणि हे घरातल्या सगळ्यांना ऐकवा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. अशा पुरानंतर पाया आणि अंगण कित्येक महिने ओलं राहतं आणि वाळताना लोणा वर येतो. त्याच वेळी घरात टीसीएल पावडरही असते, निर्जंतुकीकरणासाठी. फरशीवर टीसीएल टाकलेली असताना वरून अ‍ॅसिड ओतलं, तर क्लोरीन वायू सुटतो. विषारी असतो तो. शिवाय हवेपेक्षा जड, म्हणजे खालीच साठतो. लहान पोरं आणि दावणीची जनावरं त्याच उंचीवर असतात.

म्हणून ही दोन्ही कधीच एकत्र नकोत. एकामागोमाग एक, त्याच जागीही नकोत. चुकून झालंच आणि डोळे चुरचुरले, ठसका लागला, तर साफ करत थांबू नका. सगळ्यांना घेऊन वाऱ्याच्या उलट्या दिशेला मोकळ्यावर या आणि १०८ ला फोन लावा.

पांढऱ्या डागाने कुणाचं काही बिघडत नाही, मंडळी. तो फक्त सांगतो की इथे पाणी थांबतंय. खराटा घ्या, पाण्याला वाट द्या. "अ‍ॅसिड मार" म्हणणारी मंडळी ज्या ग्रुपवर आहेत, तिथे हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात!