पृष्ठांवरून खाच ओळखताना

सुट्या भागाच्या त्रिमितीय संगणकीय आकृतीत बहुधा फक्त पृष्ठे आणि कडा असतात. ‘ही खाच, हा खळगा’ अशी नोंद नसते. ती ओळख पटल्याशिवाय सॉफ्टवेअरला योग्य कटर व त्याचा मार्ग ठरविता येत नाही. १९८८ मध्ये जोशी आणि चँग यांनी त्यासाठी लगतच्या पृष्ठांचा आलेख वापरला. पृष्ठे जुळतात ती कड अंतर्वक्र की बहिर्वक्र, हे त्यात नोंदविले जाते. तळाला अंतर्वक्र कडांनी समोरासमोर दोनच भिंती जोडलेल्या असतील तर खाच. चहूबाजूंनी असतील तर खळगा. परंतु दोन खाचा परस्परांना छेदल्या की भिंती तुटतात, आलेख बदलतो आणि केवळ या नियमावर विसंबलेले सॉफ्टवेअर चकते. चुकीच्या मार्गाने कटर मोडतो, धातू वाया जातो. म्हणूनच संगणकाचा निर्णय पारखणारी तंत्रज्ञाची नजर आजही अपरिहार्य आहे.