तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर
(मातंग समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



‘समाजातील थोर व्यक्ती’ या विषयावर चार शब्द बोलावेत अशी मेळाव्याच्या चालकांची आज्ञा झाली. अशा प्रसंगी वस्ताद लहुजी साळवे आणि अण्णा भाऊ साठे यांची नावे ओघानेच येतात, व ती येतात हे योग्यच आहे. परंतु आज आम्ही एका तमासगीर स्त्रीचे चरित्र सांगणार आहोत. हे ऐकून काही मंडळींच्या कपाळावर आठी पडेल, हे आम्ही जाणून आहोत. मुलगा पदवीधर झाला, सून नोकरीस लागली, की आजोबा फडात हलगी वाजवीत असत ही गोष्ट सोयरिकीच्या बैठकीत कोणी काढीत नाही. आम्ही हा विषय निवडला तो त्याचसाठी.

पुणे-नाशिक रस्त्यावर, जुन्नर तालुक्यात, मीना नदीच्या काठी नारायणगाव आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच यात्रेसाठी तमाशाची सुपारी देण्यास येतात. या गावास तमाशापंढरी म्हणतात ते उगाच नव्हे. योगायोग असा, की या तमाशापंढरीचे नाव ज्यांनी गाजविले त्या विठाबाईंचा जन्म खऱ्या पंढरीत, पंढरपुरास, १९३५ साली जुलै महिन्यात झाला.

घराणे खुडे. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. पुढे वडील भाऊ व चुलते बापू यांनी तो चालविला आणि ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने तो महाराष्ट्रभर फिरला. हे नाव क्षणभर नीट पाहावे. ज्या काळी आपल्या माणसास पाणी ओंजळीत वरून वाढीत, त्या काळी या दोघा भावांनी जात फडाच्या नावात घातली. आणि तेच नाव ऐकून सर्व जातींचे लोक रात्रभर जमिनीवर बसून राहत. अर्ज-विनंत्यांनी जे साधले नाही, ते ढोलकीच्या एका थापेने निदान पहाटेपर्यंत तरी साधत असे. उजाडल्यावर पाणी पुन्हा वरूनच मिळे, हेही सांगितले पाहिजे.

विठाबाईंचे शालेय शिक्षण म्हणावे तसे झाले नाही. आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ हजेरीपट भरले आहेत, म्हणून याचे कारण आम्हांस ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये सुरू होते, दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि वैशाखात परततो. मूल जेमतेम चार महिने वर्गात बसते, आणि नंतर त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिता लिहिता एक दिवस नावच कमी होते. त्या मुलीची शाळा म्हणजे फडच होता. गण, गवळण, लावणी, भेदिक हे सारे तिच्या कानावर पाळण्यापासून पडत होते. कोणा गुरूपुढे रीतसर बसून शिकण्याचा प्रसंग आला नाही, तरी लहान वयातच ती बोर्डावर सहज वावरू लागली.

तमाशा म्हणजे केवळ नाच, असे शहरातील पुष्कळ सुशिक्षित समजतात. ती त्यांची अज्ञानाची बाजू आहे. गणाने आरंभ होतो, गवळणीत मावशीचा विनोद येतो, मग बतावणी, रंगबाजी, आणि शेवटी वग, म्हणजे पुरे संगीत नाटकच. मात्र येथे पडद्याआड वाट पाहणारा सूत्रधार नाही की पुढ्यात धरलेले पुस्तक नाही. पूर्वी वगाचे संवाद नट जागच्या जागी रचीत. गाणे, अदा, अभिनय आणि हजरजबाबीपणा या चारही गोष्टी एकाच स्त्रीच्या अंगी असाव्या लागतात, आणि प्रेक्षक समोर हाताच्या अंतरावर असतो. विठाबाईंची थोरवी या कसोटीवर मोजावी.

स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे वगाची संहिता तपासून मगच खेळास परवानगी देण्याचे ठरले. त्या वेळी विठाबाई पोरवयाच्या होत्या. त्याच कलेसाठी १९५७ साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस होते. पुढे १९९० साली पुन्हा तो मान मिळाला.

त्यांच्याविषयी एक हकीकत सर्वत्र सांगतात. दिवस भरलेले असताना त्या खेळ करीत होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. प्रेक्षकांच्या ध्यानात आले तेव्हा त्यांनीच खेळ थांबविला आणि बाईंनी विश्रांती घ्यावी अशी विनंती केली. ही गोष्ट सांगणारे लोक टाळ्या घेतात. आम्हांस मात्र ती ऐकताना टाळी वाजवावीशी वाटत नाही. एका रात्रीचा खेळ बुडाला तर सुपारी बुडते, आणि सुपारीवर फडातील साऱ्या माणसांची चूल असते. म्हणून त्या माउलीस आत निजून राहता आले नाही. प्रेक्षकांना जे सुचले, ते तिला आधी कोणी का सांगितले नाही, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

अखेरचे दिवस हलाखीचे गेले. १५ जानेवारी २००२ रोजी त्या निवर्तल्या, आणि औषधोपचाराचे देणे दात्यांच्या मदतीतून फेडावे लागले. दोनदा राष्ट्रपतींनी गौरविलेल्या कलावतीची ही कथा! पुढे २००६ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावे तमाशाक्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो मिळविणाऱ्यांत त्यांच्याच कन्या मंगला बनसोडे आहेत. आईच्या नावाचा पुरस्कार मुलीने स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवावा, असा योग क्वचितच येतो. वारसा अद्याप तुटलेला नाही, एवढा दिलासा यातून घ्यावा.

आता कार्यकारी मंडळास आमच्या दोन विनंत्या आहेत. फडावर जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठी दसरा ते वैशाख या काळापुरती तरी वसतिगृहाची सोय व्हावी आणि शिष्यवृत्तीच्या निधीतून काही रक्कम त्याकरिता राखून ठेवावी. दुसरी विनंती घरोघरच्या मंडळींस आहे. कित्येकांच्या माळ्यावर वाडवडिलांच्या हातची वगांची व गवळणींची बाडे गाठोड्यात बांधून ठेवलेली असतील. ती रद्दीत घालू नयेत. वाळवी लागण्यापूर्वी संघाच्या कार्यालयात आणून द्यावीत; त्यांच्या नकला सुवाच्य अक्षरात उतरवून देण्याचे काम आम्ही आनंदाने करू.