निधनवार्तेत काम कुठे असते?

महाराष्ट्राबाहेरचे कोणी नामवंत माणूस गेले की आपल्याकडे बातमी कशी येते, हे सर्वांना ठाऊक आहे. नट, गायक, खेळाडू असेल तर पहिले पान, छायाचित्रे, आठवणींचे रकाने. संशोधक किंवा डॉक्टर असेल तर आतल्या पानावर चार ओळी. वय इतके, पुरस्कार अमुक, पश्चात पत्नी आणि मुले. त्या माणसाने आयुष्यभर केले काय, तेवढेच नेमके राहून जाते. आजची तक्रार एवढीच आहे, आणि ती पुन्हा पुन्हा कानावर आली तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

लग्नाच्या पंगतीत वाढपी सगळ्यांना दिसतो. त्याचा आग्रह, त्याची लगबग, त्याच्या हातातले जिलेबीचे ताट. आचारी मांडवामागे चुलाणापाशी धुरात उभा असतो. जेवणारा तृप्त होऊन उठतो, वाढप्याचे कौतुक करतो आणि हात धुवायला जातो. वाढप्याचे कौतुक होऊ नये असे कोणी म्हणत नाही, तोही राबतोच. पण मांडवामागे जाऊन आचाऱ्याचे नाव विचारणारा एखादा तरी असावा की नाही?

डॉ. दिलीप महालनबीस असेच एक आचारी. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी कोलकात्यात ते वारले, तेव्हा वय ८७. १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धात पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे सीमेवरच्या बनगावला येऊन थडकले आणि त्यांच्यात पटकी पसरली. तिथल्या इस्पितळाच्या दोन खोल्या रुग्णांनी भरलेल्या, माणसे जमिनीवर पडलेली. शिरेतून सलाईन लावायचे तर त्याच घाणीत गुडघे टेकून बसावे लागे. सलाईन संपत आले, लावणारी शिकलेली माणसेही अपुरी. महालनबीसांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवले, ते पिंपांत भरून ठेवले आणि पाजायचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. आईने पेला भरून न्यावा आणि लेकराला घोट घोट पाजावा. पंचवीस-तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले.

ग्लुकोज सोबत असले की आतडे मीठ शोषून घेते आणि मिठामागून पाणी शरीरात जाते, हे शास्त्र त्याआधीच कळले होते. डॉ. रिचर्ड कॅश आणि डॉ. डेव्हिड नालिन या तरुण अमेरिकनांनी १९६८ साली ढाक्याला रुग्णांवर ते सिद्धही केले होते. पण ती चाचणी डॉक्टरांच्या नजरेखालची. न शिकलेल्या आईच्या हाती ते सोपवण्याचे धाडस बनगावात झाले, आणि महालनबीसांचे मोठेपण तिथे आहे. आजच्या या नभोवाणीच्या माध्यमाशी जोडलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी: मीठ-ग्लुकोज कसे कालवायचे, ही माहिती त्या युद्धाच्या दिवसांत बांगलादेशच्या गुप्त नभोवाणी केंद्रावरून सांगितली गेली.

कॅशही २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गेले. त्यांच्या हयातीतच बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या बायकांनी एक कोटीहून अधिक घरी जाऊन, चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ पाण्यात कसा कालवायचा, हे आयांना शिकवले. आयांच्या किती लक्षात राहिले, यावर त्या शिक्षिकांचा मेहनताना ठरत असे. या योजनेवर एक स्वतंत्र भाषण व्हायला हवे. आज घड्याळ परवानगी देत नाही.

आपल्याकडे आरोग्यसेविका याच मिश्रणाची, म्हणजे जलसंजीवनीची, पुडी घरोघर देते. ती पुडी कुठून आली, हे चार ओळींच्या बातमीतून कुणाला कळणार?

दुसरे नाव ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांचे. १७ फेब्रुवारी २०२५ रोजी, ८८ व्या वर्षी, ते झोपेतच गेले. हे ना संशोधक, ना डॉक्टर. चौदाव्या वर्षी छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेत परक्यांच्या रक्तावर वाचले आणि वयात आल्यावर आपणही रक्त द्यायचे असे त्यांनी ठरवले. त्यांच्या रक्तात एक दुर्मीळ प्रतिपिंड सापडले. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि पोटातल्या बाळाचा पॉझिटिव्ह असला की आईचेच रक्त पुढच्या बाळावर उलटू शकते; ते टाळणारे अँटी-डी इंजेक्शन या प्रतिपिंडापासून बनते. हॅरिसन ८१ वर्षांचे होईपर्यंत देत राहिले, एकूण १,१७३ वेळा. सुई टोचताना मात्र ते कधी तिकडे पाहत नसत, कारण सुईची भीती शेवटपर्यंत गेली नव्हती. त्यांच्या दानाचा लाभ सुमारे २४ लाख बाळांना झाला, असा तिथल्या रक्तसेवेचा अंदाज आहे. त्यांच्या मुलीलाही ते इंजेक्शन घ्यावे लागले होते.

आणखी दोन नावे घाईने. जपानचे अकिरा एंडो ५ जून २०२४ ला गेले. सहा हजारांवर बुरशी आणि सूक्ष्मजीव तपासून त्यांनी कोलेस्टेरॉल उतरवणारे पहिले स्टॅटिन शोधले. ते मिळाले क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत. घरातल्या आजोबांच्या रात्रीच्या गोळीचे मूळ तिथे आहे. जॉन गुडइनफ २०२३ साली शंभर वर्षांचे होऊन गेले. मोबाइलमधल्या लिथियम बॅटरीचा पाया घालणाऱ्यांत ते एक.

याउलट, खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी पानेच्या पाने दिली आणि त्यांत त्यांचे कामही होते. कारण ते काम नारळीकरांनी स्वतःच आयुष्यभर मराठीतून सांगून ठेवले होते. बनगावच्या डॉक्टरचे काम मराठीत कोण सांगणार? ते आपल्यालाच सांगावे लागेल.

शाळांच्या परिपाठात दिनविशेष वाचला जातो. फळ्यावर नाव आणि पुढे ‘पुण्यतिथी’, एवढ्यावर तो संपतो. शिक्षकांना कळकळीची विनंती आहे: नावापुढे कामाचे एक वाक्य लिहावे, म्हणजे मांडवामागचा माणूस मुलांना दिसेल. येत्या १६ ऑक्टोबरला डॉ. दिलीप महालनबीस हे नाव फळ्यावर यावे, आणि जलसंजीवनीची एक पुडी वर्गात मुलांसमोर लिटरभर पाण्यात कालवून दाखवावी.