तुलना कुणाशी करायची?



१९९१च्या आखाती युद्धात ब्रिटनचे सुमारे ५३ हजार सैनिक गेले होते. जमिनीवरची लढाई शंभर तासांत आटोपली. पण पुढच्या काही वर्षांत त्यांतले बरेच जण डॉक्टरांकडे खेटे घालू लागले. सांधे दुखतात, झोप लागत नाही, लक्षात राहत नाही. तपासण्या मात्र ठीक. वर्तमानपत्रांनी ‘गल्फ वॉर सिंड्रोम’ असं बारसंही उरकून टाकलं.

लंडनच्या किंग्ज कॉलेजचे मानसोपचारतज्ज्ञ सायमन वेसली यांनी हा विषय हाती घेतला. आता, हजार माणसांना विचारलं तर पाठदुखीवाले कुठंही निघतातच. म्हणून त्यांच्या गटानं तीन प्रकारचे सैनिक निवडले: आखातात गेलेले, बोस्नियात शांतिसेनेत गेलेले आणि आखाती युद्धाच्या काळात नोकरीत असूनही तिथं न गेलेले. प्रत्येक गटात चार हजारांहून जास्त जण. टपालानं प्रश्नावल्या गेल्या आणि शंभरातल्या ६५ जणांनी उत्तरं धाडली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: आखातवाल्यांच्या तक्रारी इतरांच्या दुप्पट-तिप्पट, पण तक्रारींची ठेवण सगळीकडे सारखीच. म्हणजे त्रास खरा. वेगळा नवा आजार मात्र दिसत नाही. हे उत्तर ना सरकारला सोयीचं, ना सैनिकांना. मला तरी हीच त्याची जमेची बाजू वाटते.

या कामात कागद किती मोलाचा असतो पाहा. सैनिकांना अँथ्रॅक्ससकट बऱ्याच लशी टोचल्या होत्या, त्यांचा काही संबंध असेल का? हे तपासायचं तर ज्यांनी आपल्या लशींच्या नोंदी घरी जपून ठेवल्या होत्या, त्यांच्यावरच भिस्त ठेवावी लागली. त्यातून दिसलं ते असं, की मोहिमेवर असताना एकापाठोपाठ लशी घेतलेल्यांत तक्रारी जास्त होत्या. निघण्यापूर्वी घेतलेल्यांत तसं फारसं दिसलं नाही.

२००३च्या इराक युद्धाच्या वेळी मात्र वेसलींचा गट लवकर कामाला लागला. एकदा निवडलेल्या त्याच सैनिकांना काही वर्षांनी पुन्हा तेच प्रश्न, अगदी नोकरी सुटल्यावरसुद्धा. संशोधकाची उमेदीची वर्षं यातच जातात. पहिल्या फेरीत नियमित सैनिकांत मानसिक आजार फारसे वाढलेले दिसले नाहीत, राखीव दलातल्यांत मात्र दिसले. नियमित सैनिक आपल्या पलटणीसोबत परततो. राखीव दलातला थेट घरी नि कचेरीत, जिथं त्यानं काय पाहिलं हे ओळखणारं कुणी नसतं. २०१०च्या अहवालात युद्धाच्या आघातानं जडणारा पीटीएसडी ४ टक्क्यांत, तर दारूचा अतिरेक १३ टक्क्यांत आढळला. दारूची बातमी मात्र मागं पडते. २०१८मध्ये, प्रत्यक्ष लढाईच्या कामावर गेलेल्या आणि आता नोकरी सोडलेल्या सैनिकांत पीटीएसडीचं प्रमाण १७ टक्क्यांवर गेलं होतं. माणूस गणवेशात असतानाच मोजून थांबलं असतं, तर हे हातून निसटलं असतं.

आपल्याकडे सातारा-कोल्हापूरकडचा जवान पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन गावी येतो नि बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा राहतो. त्याची तुलना कुणाशी करायची, हा प्रश्न इथल्या संशोधकांनाही घेण्याजोगा आहे.

शेवटी एक प्रयोग सांगतो. मोहिमेवरून परतताच प्रत्येकाची मानसिक तपासणी करावी, हे कुणालाही पटेल. अमेरिकेत तर ती कायद्यानं सक्तीची. किंग्जच्या गटानं अफगाणिस्तानातून परतलेल्या दहा हजारांवर ब्रिटिश सैनिकांवर हे तपासून पाहिलं. काहींना उत्तरांनुसार सल्ला दिला, काहींना सर्वसाधारण माहिती. पुढं दोन्ही गटांच्या प्रकृतीत फरक निघाला नाही, आणि २०१७ साली तेही त्यांनी ‘लॅन्सेट’मध्येच छापलं.