वाळूत उमटलेले जहाज

(विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बँकेतला एक कारकून. कला शाखेत शिकलो, म्हणून इतिहासाची आवड टिकून राहिली एवढेच. आज मी इंग्लंडमधील एका उत्खननाची हकीकत सांगणार आहे. विषय दूरचा वाटेल; पण विद्यार्थ्यांनी ती शेवटपर्यंत ऐकावी, ही विनंती.

इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगण्यात, डेबेन नदीच्या काठी सटन हू नावाचे ठिकाण आहे. तेथे मातीचे जुने उंचवटे होते. त्यांच्या पोटात काय दडले आहे ते पाहावे, असे जमिनीच्या मालकीण श्रीमती एडिथ प्रेटी यांना वाटले. इप्सविचच्या संग्रहालयामार्फत त्यांच्याकडे बेसिल ब्राऊन नावाचे गृहस्थ आले. १८८८ साली जन्मलेले ब्राऊन शेतकरी घरातले. बाराव्या वर्षी त्यांची शाळा सुटली. पुढे शेतात राबून त्यांनी घरच्या घरी लॅटिन, फ्रेंच, भूगोल आणि खगोलशास्त्र यांचा अभ्यास केला. पदवी मात्र नव्हती. आठवड्याला ३० शिलिंग मजुरीवर ते कामाला लागले.

१९३८ साली त्यांनी तीन उंचवटे खणले. ते पूर्वीच लुटले गेले होते. मे १९३९ मध्ये सर्वांत मोठा उंचवटा हाती घेतला, तेव्हा मातीत एक गंजलेला लोखंडी तुकडा सापडला. दुसऱ्या कोणी तो बाजूला फेकला असता. ब्राऊन यांनी ओळखले, की हा जहाजाच्या फळ्या जोडणारा रिव्हेट आहे. त्यांनी फावडे बाजूला ठेवले आणि हळुवार हाताने वाळू काढायला सुरुवात केली.

मित्रहो, तेथील वाळू आम्लयुक्त. तिने सारे लाकूड खाऊन टाकले होते. परंतु रिव्हेटांच्या ओळी जागच्या जागी होत्या आणि फळ्यांचा ठसा वाळूत उमटला होता. नसलेल्या जहाजाची आकृती ब्राऊन यांनी जशीच्या तशी उघडी केली. सुमारे २७ मीटर लांबीचे ते जहाज! नदीतून ते ओढत वर आणून, मधोमध दालन बांधून, त्यात सातव्या शतकाच्या आरंभी कोणा थोर पुरुषाला पुरले होते.

आत काय मिळाले? लोखंडी शिरस्त्राण, तलवार, ढाल, ४०० ग्रॅमहून अधिक वजनाचे सोन्याचे बक्कल, लाल गार्नेट जडवलेली आभूषणे, बायझंटाईन सम्राट अनास्तासियस याच्या मुद्रेचे चांदीचे ताट आणि एक तंतुवाद्यही. शिरस्त्राणाचे तर शेकडो तुकडे झाले होते. ते जुळवले, चूक उमगल्यावर पुन्हा सोडवले आणि १९७१ पर्यंत नव्याने जुळवले.

माझे लक्ष मात्र बटव्यातल्या ३७ सोन्याच्या नाण्यांकडे गेले. रोज पैसे मोजणाऱ्याची ही खोड! ती फ्रँक लोकांच्या राज्यातली, आणि प्रत्येक वेगळ्या टांकसाळीचे. त्यातले सर्वांत अलीकडचे नाणे पाडले जाण्यापूर्वी दफन झालेले असणे शक्य नाही. अशा हिशेबावरून आणि इतर पुराव्यांवरून हे दफन पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड याचे असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो ६२४-२५ च्या सुमारास वारला. नावाचा लेख मिळाला नाही, म्हणून ‘असावे’ एवढेच म्हणायचे. मृतदेहही दिसला नाही. पण पुढे मातीची तपासणी झाली तेव्हा फॉस्फेटचे प्रमाण जास्त आढळले. देह होता, तो वाळूत विरून गेला.

एवढा मोठा शोध म्हटल्यावर केंब्रिजचे चार्ल्स फिलिप्स आले आणि दालन उकलण्याचे काम विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडे गेले. ब्राऊन यांना बाजूचे काम राहिले. फिलिप्स व त्यांचे सहकारी जाणकार होते, त्यांनी काम उत्तम केले, यात शंका नाही. परंतु जहाज ज्याने वाचवले त्याचे नाव कित्येक वर्षे मागेच राहिले. ब्राऊन १९७७ साली वारले. त्यांच्या कामाला खरा मान मिळाला तो बराच उशिरा.

१४ ऑगस्ट १९३९ रोजी गावच्या सभागृहात चौकशी भरली. प्रश्न असा, की हे धन सरकारचे की मालकिणीचे? पुन्हा काढून घेण्याच्या हेतूने लपवलेले असते, तर ते राजसत्तेकडे गेले असते. हे तर सर्वांदेखत मृताबरोबर पुरलेले. पंचांनी निकाल दिला, धन श्रीमती प्रेटी यांचे. आणि त्या बाईंनी काय केले? सारे धन ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले! पुढे सरकारने किताब देऊ केला, तोही त्यांनी नाकारला.

विद्यार्थी मित्रहो, हे धन पाहायला लोक आजही लंडनला जातात. पण सोने हाती लागले ते नंतर. आधी लागला तो एक गंजका रिव्हेट, आणि त्याची किंमत कळली ती बाराव्या वर्षी शाळा सुटलेल्या माणसाला. ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांनी पुस्तक सोडू नये. आणि ज्यांना पदवी मिळाली, त्यांनी शेजारी राबणाऱ्याचे नाव लिहायला विसरू नये.